उंद्रीच्या देवळात राम आणि कृष्ण

मलकापूरला सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या आणि मला घ्यायला कोणी आलेले नव्हते. पत्नी गेल्यानंतरचा हा माझा पहिलाच प्रवास. उंद्रीचे शेतकरी दौलतराव यांनी रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी प्रवचनाला बोलावले होते. विषय होता राम आणि कृष्ण यांच्या चरित्रांची तुलना. नाशिकच्या शाळेत संस्कृत शिकवताना तो मी इतक्यांदा सांगितला होता, की तयारी अशी काही केलीच नव्हती.

मोताळ्याच्या पुढे घाटात एसटीचे इंजिन तापले. ड्रायव्हर पाणी आणायला गेला आणि आम्ही पळसाच्या विरळ सावलीत बसलो.

“कोन्या गावचे?” शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले.

“नाशिकचा.”

“म्हंजे आता वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, तुमचं-आमचं राज्य एकच झालं! एकलेच निंगाले? घरचे नाही आनले?”

मी नुसती मान हलवली. त्याने कांदा फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

दुपार उतरताना उंद्रीला पोचलो. दौलतरावांच्या ओसरीवर ताट वाढलेले होते: कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचे भरीत. वाढणारी मुलगी आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, “गुरुजी, एक इनंती हाय. रामानं सीतेले वनात धाडलं, तेवढं सांगू नका. माही पोरगी घरात बसून हाय.”

मग त्यांनीच सांगितले: या मुलीचे, कमलचे, सासर धामणगाव बढ्याचे. एका पावसाळ्यात शेतातून परतताना नदीला पूर आला आणि तिने पलीकडच्या एका अनोळखी घरात रात्र काढली. नवऱ्याने तिला माहेरी पाठवले, ते कायमचे. ती सातवी शिकलेली होती. बुलढाण्याला जाऊन शिक्षिका व्हायचे तिच्या मनात होते. पण “लोकं म्हनतीन, टाकलेली पोरगी मोकळी सोडली,” म्हणून दौलतराव तिला देवळातही जाऊ देत नव्हते.

ताक घेऊन आलेल्या कमलने ते ऐकले होते.

“सांगू द्या त्याहिले, बाबा. मले ठाऊकच हाय ते.” मग ती माझ्याकडे वळली. “गुरुजी, रामाच्या जागी कृष्ण असता, तं त्यानं काय केलं असतं?”

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते.

दिवेलागणीला देऊळ भरले. राम भर दुपारी महालात जन्मला, कृष्ण मध्यरात्री बंदिशाळेत. रामाने हाती आलेले राज्य सोडले, कृष्ण स्वतः गादीवर बसलाच नाही. असे नेहमीचे बोलत होतो. तेवढ्यात कमल आली आणि बायकांच्या मागे बसली. दौलतरावांनी मान खाली घातली.

मी सीतात्याग सांगितला. मग नरकासुराच्या बंदिवासातल्या स्त्रियांची गोष्ट सांगितली. त्या सुटल्या, पण त्यांना घरात घ्यायला कोणी तयार होईना. कृष्णाने त्यांना द्वारकेला नेले आणि राण्यांचा मान दिला. त्यांनी रात्री कुठे काढल्या, हे त्याने विचारले नाही.

पुढे बसलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “पन राम राजा होता, गुरुजी. त्याले लोकाचं पाहा लागे.”

दौलतराव उठले. “तो राजा होता, मामा. मी काही राजा नाही. मले माही पोरगी पाहा लागते.”

मी आरती सुरू करायला सांगितले.

रामजन्म झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत निघालो, तेव्हा एसटीत माझ्या पुढच्या बाकावर बापलेक होते. बुलढाण्याला दोघे उतरले. कमल खिडकीपाशी आली.

“गुरुजी, तुमच्या घरी कोन हाय?”

“कोणी नाही.”

“मंग येत जा इकडे,” ती म्हणाली आणि वडिलांच्या मागे झपझप चालू लागली.

घाट उतरताना बाजूची जागा रिकामीच राहिली. यज्ञाला बसताना रामाने सोन्याची सीता शेजारी बसवली, हे मी मुलांना निष्ठा म्हणून शिकवत आलो. यज्ञ संपल्यावर तो एकटा जेवायला कसा बसला असेल, हे कधी मनात आले नव्हते. मी तर कोणाला घराबाहेर काढले नव्हते; माझी पत्नी आजाराने गेली. तरी नाशिकला पोचलो, पिठलं-भात केला आणि पान वाढून घेतले, तेव्हा मला कृष्ण नाही, राम आठवला. आणि पहिल्यांदाच त्याच्याविषयी वाईट वाटले.