साठ खुर्च्यांपुरत्या काळज्या

पणकाकांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. त्यांचं कुठलंही वाक्य ‘पण’वर येऊन थांबायचं, म्हणून ते पणकाका. चहा छान झालाय, पण. पोरीचा फोन आला होता, पण. आज गुडघा दुखत नाहीये, पण. त्या पणच्या पुढे काय, असं विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही. पुढे काहीतरी वाईट टपून बसलंय एवढंच त्यांना पक्कं ठाऊक. देवाने कुणाला गोड गळा दिला, कुणाच्या हाताला चव दिली. काकांना हे दिलं.

एका कारखान्याच्या भांडारात त्यांनी एकवीस वर्षं नोकरी केली आणि तिथे या स्वभावाचं चीज झालं. खिळे संपतील, वंगण संपेल, धागा संपेल, अशा धास्तीने ते सगळं आधीच मागवून ठेवत. त्यामुळे तिथे कधी काही संपलं नाही. मग एका सकाळी कारखानाच बंद पडला. नेमकी तेवढी एकच काळजी करायची राहून गेली होती.

घरी बसून सातवा महिना लागला. परगावचा थोरला भाऊ दर रविवारी फोन करायचा, की तू बिऱ्हाड आवरून इकडे ये, माझ्या दुकानात बसायला एक स्टूल आहेच. भावाच्या मनात काही नव्हतं, पण ते स्टूल काकांच्या डोळ्यांपुढून हलेना. दोन दिवस गेले की वाटायचं, आपलं आता काही जमायचं नाही, शेवट त्या स्टुलावरच.

काकूंचे वडील वर्षभरापासून त्यांच्याकडेच राहात होते. त्यांनी जन्मभर वेताच्या खुर्च्या विणल्या. आता डोळ्यांना धूसर दिसायचं, पण बोटं शाबूत होती. ते एक दिवस म्हणाले, जावईबापू, नुसते बसून राहण्यापेक्षा लोकांच्या बसण्याची सोय करायला शिका. काका शिकले. हात चांगला होता. भोकं मोजण्यात, ओळ सरळ धरण्यात भांडारातली शिस्त कामाला आली. पण पायपुसण्याएवढ्या चौकटीवर सराव करणं वेगळं आणि खरी खुर्ची वेगळी.

खरी खुर्ची वाचनालयातून आली. तिथे साठ जुन्या लाकडी खुर्च्या बैठका फाटून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. समितीला त्या काढून प्लास्टिकच्या आणायच्या होत्या. ग्रंथपालबाईंचा जीव लाकडी खुर्च्यांवर. त्यांनी समितीकडून दहा दिवसांची मुदत मागून घेतली आणि एक खुर्ची काकांच्या हवाली केली. म्हणाल्या, ही नीट झाली तर साठही तुमच्या, म्हणजे वर्षभराचं काम. नाही झाली तर माझाही इलाज नाही. काकांनी खुर्ची डोक्यावर घेऊन आणली आणि दारातच काकूंना म्हणाले, “काम मिळालं, पण.”

पहिली बैठक त्यांनी तीन दिवसांत विणली. वेत भिजवायचा, भोकातून ओवायचा, खुंटी ठोकून धरायचा. उभी ओळ, आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, मग दोन तिरक्या. सैल राहिली तर, या भीतीने प्रत्येक पट्टी त्यांनी दात-ओठ खाऊन ओढली. झाल्यावर टिचकी मारली तर डफासारखी वाजली. काका खूष. सासऱ्यांनी बोटं फिरवली आणि फक्त एवढंच म्हणाले, वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला. टक. काकांचा घास हातातच राहिला. काकू म्हणाल्या, पाल असेल. पुन्हा टक. संध्याकाळपर्यंत पाच पट्ट्या मधोमध तुटल्या होत्या.

“ओला वेत ताणायचा नसतो, जावईबापू,” सासरे म्हणाले. “वाळताना तो आपला आपणच ताणून घेतो. आपण फक्त तेवढी जागा ठेवायची.”

काकांना पटलं. त्यांच्या डोक्याला पटलं, हातांना मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा विणताना ते दर पट्टीला स्वतःला बजावत होते, सैल, सैल, आणि बजावता बजावता खांदे कानांपर्यंत चढत होते. सैल विणायची काळजी त्यांनी इतकी घट्ट धरली की ही बैठक पहिलीपेक्षा कडक झाली. या खेपेला टक ऐकायला जेवणापर्यंतही थांबावं लागलं नाही.

आता तीन दिवस उरले आणि सासऱ्यांच्या गाठोड्यात एका बैठकीपुरता वेत. काका भिंतीला टेकून बसले. म्हणाले, दादाला फोन लाव, स्टूल पुसून ठेव म्हणावं.

काकूंनी फोन लावला नाही. देवापुढे दिवा लावून त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसल्या. तिथे त्यांना काय सुचलं ते त्यांचं आणि देवाचं. पण उठल्या त्या थेट चहाचे कप मोजायला गेल्या. सहाच्या संचातले दोन उरले होते. बाकीचे चार काकांनी काळज्या सांगता सांगता सोडले होते. मनात कुढताना या माणसाची मूठ आवळते आणि तोंडाने बोलायला लागला की हातातलं सुटतं, हे काकूंनी चोवीस वर्षं केरसुणीने गोळा केलं होतं. त्याचा काही उपयोग असेल, हे आजच ध्यानात आलं.

त्या भाजीचं ताट घेऊन खुर्चीसमोर येऊन बसल्या.

“अहो, विणायला घ्या. आणि एकेका पट्टीला एकेक काळजी सांगा. मनात ठेवायची नाही.”

“कुठली सांगू?”

“पहिलीपासून. मला कुठे जायचंय?”

काकांनी सुरुवात केली. नोकरी गेली ही पहिली. गुडघा ही दुसरी. पोरीच्या सासरच्या जिन्याला कठडा नाही. दादाचं स्टूल. छत गळेल. गळलंच तर नेमकं कपाटावर गळेल. काकू शेंगा सोलत हूं हूं करत होत्या आणि मधेच म्हणत होत्या, झालं, पुढची. सासरे खाटेवर पडून कान देत होते. पट्टी भोकातून सरकताना करकरत नाही, नुसती सरसरतेय, हे ऐकून ते गालात हसले, पण बोलले नाहीत. कौतुक केलं असतं तर जावयाने तेही घट्ट धरलं असतं.

दोन्ही उभ्या ओळी झाल्या, दोन्ही आडव्या झाल्या. पहिल्या तिरकीच्या मध्यावर काका एकदम थांबले.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“संपल्या,” काका म्हणाले. चेहरा असा, जणू भांडारात पहिल्यांदाच काहीतरी संपलंय.

काकू गांगरल्या नाहीत. म्हणाल्या, वरच्या मजल्यावरच्यांच्या घ्या. मग काकांनी वरच्या वहिनींच्या दम्याची काळजी केली, समोरच्या शिंप्याच्या नव्या मशीनची केली, समितीच्या अध्यक्षांच्या रक्तदाबाची केली. सासऱ्यांनी आपल्या हलत्या दाताची एक दिली. शेवटच्या पट्टीला काहीच सापडेना, तेव्हा वाचनालयातली पुस्तकं वाचून संपली तर बाई काय करतील, यावर त्यांनी ती ओवली.

खुर्ची वाळत असताना कुणी खोलीत पाय आपटला नाही. जेवणं झाली, चहा झाला. टक नाही. काका चारदा जाऊन आले. शेवटी म्हणाले, वाजत का नाही?

दहाव्या दिवशी दोघं वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी बैठकीवर तळवा टेकवून पाहिला, मग बसल्या. बसल्यावर सहज टेबलावरचं पुस्तक ओढलं. एक पान झालं. दुसरं झालं. काका आणि काकू समोर उभेच. बाई तिसऱ्या पानावर आल्या आणि मग दचकून वर पाहिलं.

“अगंबाई, तुम्ही उभे का? बसा ना.”

मग त्यांना आठवलं की बसायला खुर्च्या नाहीत म्हणूनच तर हे आले आहेत, आणि त्या खळखळून हसल्या. प्लास्टिकवाल्यांना आजच नको म्हणून कळवते, म्हणाल्या. सहा खुर्च्या आणि वेताचा नवा भारा हातगाडीवर चढवून दिला. बाकीच्या जशा होतील तशा न्यायच्या.

परतताना काका गाडी ओढत होते, काकू मागून हात लावत होत्या. कोपऱ्यावर गाडी थांबली.

“अगं, पण.”

“आता काय?”

“एका खुर्चीला माझ्या सगळ्या काळज्या संपल्या. वर उसन्या घ्याव्या लागल्या. अजून एकोणसाठ आहेत. इतक्या आणायच्या कुठून?”

काकूंनी पदराने घाम पुसला.

“ही काळजी मिळाली की पहिली,” त्या म्हणाल्या. “चला, ओढा.”