आरती संपेपर्यंत पंप बंद

आमच्या घराच्या भिंतीवर देव नव्हते, वडिलांच्या युनियनची पत्रकं होती. त्यामुळे कोपरच्या आमच्या सोसायटीने पाण्याची घंटा बनवायचं काम मला दिलं, तेव्हा क्रांती जिन्यापर्यंत आल्यासारखं वाटलं.

देशात उदारीकरण आलं होतं, आमच्याकडे पाणी येत नव्हतं. यायचं ते अवेळी आणि मलूल. लगेच पंपाने ओढलं तरच आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढायचं, नाहीतर आई गुडघा धरून कळशा वाहायची. म्हणून मी पाइपात दोन तारा सोडून त्या मायक्रोकंट्रोलरच्या चिपला जोडल्या. पाणी तारांना लागलं की चिप आपल्या एका पायातली वीज भराभर चालू-बंद करणार आणि मोडक्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर वाजणार. खर्च नगण्य, आवाज सगळ्या मजल्यांना सारखा!

"एक रिले लावला तर पंपही आपोआप सुरू होईल," मी म्हणालो.

"पंपाचं बटण कमिटीच्या अखत्यारीत येतं," सेक्रेटरीकाका म्हणाले. "तू फक्त वाजव. आणि ते कीं कीं नको. गणपतीची आरती लाव."

"काका, गणपतीचा आणि नळाचा काय संबंध?"

"मग तुझ्या मोर्चाच्या घोषणा लावू?"

मी घरी येऊन निषेध नोंदवला.

"गाढवा, आधी पाणी येऊ दे," आई म्हणाली. "देव आहे की नाही ते मग बघू."

मी एकच कडवं बसवलं. अर्धी आरती अशुभ, असा ठराव बहुमताने झाला. चिपची स्मरणशक्ती चिमुकली, पण सगळ्या कडव्यांची चाल एकच, हे देवाचे उपकार. तीच फिरवत ठेवली.

पाणी आलं. सर्दी झालेल्या डासाने गावी तशी आरती सुरू झाली. सगळे जिन्यात हात जोडून उभे. काका बटणासमोरच, डोळे मिटून.

"काका, बटण!"

"आरती चालू आहे. चप्पल काढ."

तेवढ्यात त्याच पाइपलाइनवरच्या शेजारच्या सोसायटीचा पंप घुरघुरला. आमची आरती त्यांनाही ऐकू गेली होती, आणि त्यांचा सेक्रेटरी बहुधा नास्तिक होता. पाइपातलं पाणी उतरलं, तारा कोरड्या पडल्या आणि आरती मध्येच थांबली.

"अशुभ," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आरतीचा पहिला सूर लागताच आई गुडघा धरत खाली उतरली. चप्पल न काढता काकांना बाजूला सारून तिने बटण दाबलं.

"वहिनी, आरती चाललीय!"

"चालू दे की. मी कुठे बंद केली?"

वर आमच्या पिंपात पाणी पडू लागलं. रिलेची मागणी करणारं माझं पत्रक तेव्हा अर्धंच लिहून झालं होतं.