चित्रात काय नाही

मुलांची बुद्धी मोजणाऱ्या एका अभ्यासासाठी मी तिरोड्याजवळच्या गावात काम करत होते. पुण्याच्या मॅडम गुण देत. मला इथली बोली येते, म्हणून प्रश्न मी विचारी. समजावून सांगायला मात्र बंदी होती.

पहिलीतल्या एका मुलीसमोर मी घराचं चित्र ठेवलं. "यात काय नाही, सांग." उत्तर ठरलेलं होतं, दाराची कडी. मुलगी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "कवेलूतून धूर नाही निघून राहिला. चूल नाही पेटली."

मॅडमनी शून्य लिहिलं.

मी म्हटलं, आमच्याकडे बायका संध्याकाळी शेजारच्या कवेलूंकडे, म्हणजे छपराच्या कौलांकडे बघतात, धूर दिसला नाही तर घरात शिजवायला काही आहे का, विचारायला जातात. त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. मला वाटलं, नियम करणाऱ्याची चूल कधी थंड राहिली नसावी.

दिवेलागणीला आम्ही निघालो, तेव्हा गावभर धूर पसरला होता. शाळेमागच्या घराच्या उंबऱ्यावर ती मुलगी एकटीच बसली होती. दाराला कडी होती. कवेलूंवर धूर नव्हता.