खाजवणारा आणि न खाजवणारी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या कंपाउंडरांना सगळे फणीवाले काका म्हणतात. एकोणतीस वर्षे त्याच टेबलापाशी उभे राहून त्यांचे गुडघे कामातून गेले आहेत.

त्यांची रीत ठरलेली. जनावराखाली पांढरा कागद अंथरायचा, शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवायची आणि पडलेले काळे कण ओल्या कापसावर दाबायचे. लाल डाग उमटला की ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा. मग पाठ झालेले वाक्य: घरातल्या प्रत्येक जनावराला औषध, अंथरुणे गरम पाण्यात, तीन महिने खंड नाही. लोक मान डोलावतात आणि पंधरा दिवसांत परत येतात.

समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन चौथ्यांदा आल्या. त्याच्या पाठीवरचे केस गेले होते, कातडी सोलवटली होती.

"रविवारी मुलगा याला गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रमात सोडणार आहे," बाई म्हणाल्या. "म्हणतो, यानेच पिसवा आणल्या."

"औषध घालता?"

"तारीख चुकत नाही."

"अंथरूण?"

"धुऊन धुऊन विरलं हो."

कापसावर दोनच ठिपके लाल झाले. काका स्टुलावर टेकले. काही कुत्र्यांना पिसवेची लाळच सोसत नाही, एक चावली तरी अंग पेटते. पण ती एक येते कुठून?

"घरात आणखी कोण आहे?"

"मांजर. मुलाची लाडकी. पण ती मुळीच खाजवत नाही. दिवसभर अंग चाटत बसते."

काकांनी डोळे मिटले. तीन वेळा त्यांनी ते वाक्य खाली मान घालून म्हटले होते. हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत ते कठडा धरत बाईंच्या इमारतीचे तीन जिने चढले. मुलाने दार उघडले, खांद्यावर मांजर.

"काका, आजारी ही नाहीये."

"ठाऊक आहे. धर तिला नीट."

कापूस लालभडक झाला. मुलगा बघत राहिला.

"चाटताना पिसवा गिळते, म्हणून दिसत नाहीत. झोपते कुठे?"

बाई म्हणाल्या, "याच्या उशीवर. स्वतःच्या पायाला फोड आले तरी साहेबांना संशय म्हाताऱ्या कुत्र्याचाच."

"आई, पुरे."

"मग हिलाही सोडायचं का आश्रमात?" बाईंनी हळूच विचारले.

मुलगा आत जाऊन उशीचा अभ्रा काढू लागला.

"मांजराचं औषध वेगळं असतं," काकांनी बसल्या जागेवरून सांगितले. "कुत्र्याचं हिला चुकूनही लावू नका, जिवावर बेतेल. आणि तीन महिने, बरं का. अंडी गादीत, फटीत राहतात. आठवड्याने कंटाळलात तर मला परत चढावं लागेल."

रविवारी मुलगा गादी उन्हात टाकताना दिसला. कुत्रा गादीच्या सावलीत पडला होता, अधूनमधून पाठ चावत होता. एवढ्यात थांबणार नव्हताच. पण घरात होता.

काका आता फणी उचलण्याआधी विचारतात, "घरात आणखी कोण?" लोकांना वाटते, म्हातारा गप्पा मारतोय. ते उत्तराची वाट बघत एक पाय हलका करून उभे राहतात.