भागीरथीबाईंच्या शेवभाजीवर आळ

कतारगामच्या एका गल्लीत, जिना चढून वर, भागीरथीबाईंची खानावळ आहे. खानदेशातून सुरतेत यंत्रमागावर कामाला आलेले आम्ही दहा-बाराजण तिथेच जेवतो. बाईंना मागेपुढे कोणी नाही. आहे ती शेवभाजी. तिला कुणी नावं ठेवली की बाई दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीत.

दगाभाऊ आमच्यातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एका संध्याकाळी ते जिना चढून आले आणि छाती धरून बसले. थोड्या वेळाने बरं वाटलं. आम्ही वैद्य तयारच होतो. भिकन म्हणाला, गॅस. मी म्हणालो, तर्री जास्त झाली. दगाभाऊंनीही मान डोलावली. बाईंचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगाभाऊंना बिनमिरचीचं वरण वाढलं, वर ओवा दिला. तरी दुखलंच. मग दगाभाऊ भीतीने जेवायलाच आले नाहीत. त्याच्या पुढच्या सकाळी चहासाठी जिना चढले आणि वरच्या पायरीवर घामाघूम होऊन टेकले.

"काल रातले काय खादं?" बाईंनी विचारलं.

"काहीच नई, ताई."

"उपाशीपोटे बी दुखस? मंग मनी भाजीना काय दोष? हाई दुसरंच काही शे. उठा!"

खरं सांगतो, बाई चिडल्या होत्या म्हणून दगाभाऊ वाचले. मी सोडा आणायला निघालो होतो, त्यांनी मला रिक्षा आणायला पळवलं. मळायची कणीक परातीत तशीच टाकून त्या सोबत बसल्या. दवाखान्यात तपासणी चालू असतानाच झटका आला. डॉक्टर समोरच होते, तुंबलेली रक्तवाहिनी त्यांनी लगेच मोकळी केली.

नंतर ते म्हणाले, आधीचं ते दुखणं म्हणजे इशारा होता. पुष्कळांना तो मिळतच नाही, आणि ज्यांना मिळतो त्यांतले कितीतरी गॅस समजून घरी बसतात. हे वेळेत आले म्हणून हृदयाला फार इजा झाली नाही. भिकन आणि मी खाली मान घालून ऐकत होतो.

दगाभाऊंनी पडल्यापडल्या हात जोडले. "ताई, मी तुमनी भाजीले उगाच दोष दिधा."

इतक्या वर्षांत मी बाईंना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराने आधी दगाभाऊंचं कपाळ पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"रोज द्या दोष, भाऊ," त्या म्हणाल्या, "पन रोज जेवाले या."