न धुतलेला स्वेटर

मारोतकाकांना एखादं काम सांगावं आणि मग पस्तावावं, हे आमच्या वाशिमजवळच्या मालेगावात नेहमीचंच. काम राहतं बाजूला, काकांची तयारीच संपत नाही. त्यांच्या वरच्या खोलीत वैजयंती नावाची शिक्षिका भाड्याने राहते. तिला सोमवारी प्रशिक्षणासाठी वाशिमला जायचं होतं. तिने बिचारीने एवढंच विचारलं, "काका, एक दिवस कॉफीला सांभाळाल का?"

कॉफी म्हणजे तिचा तपकिरी कुत्रा. चार गल्ल्यांत ऐकू जाईल अशी "कॉफी, कॉफी" हाक मारायला काकांना लाज वाटे, तरी ते लगेच हो म्हणाले. शुक्रवारपासून घराला लग्नघराची कळा आली. फाटकाच्या सळयांतून कुत्र्याचं डोकं निघतं का ते पाहून काकांनी तिथे जाळी बांधली. शेजारी म्हणून जाळी धरायला मीच. चतुराकाकूंना बिनमिठाच्या भाकरीची ताकीद मिळाली.

"चाळीस वर्सांत मी कधी भाकरीत मीठ टाकलं व्हय?" काकू म्हणाल्या.

मीही तोंड घातलं, "काका, कुत्रा येतोय, मंत्री नाही."

एरवी काका खेकसले असते. ते नुसते तार पिळत राहिले. तेव्हा मला बादल आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

बादल हा काकांचा शेतावरचा कुत्रा, पांढरा, झुपकेदार शेपटीचा. काका अजून शेतात राहायचे तेव्हाची गोष्ट. शेतावरच्या कुत्र्याला कोणी बांधत नसे. धन्याने आपली घोंगडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाकून खुशाल गावात जावं. त्या वासापाशी कुत्रा बसून राही, धनी येईपर्यंत हलत नसे. काय दिवस होते ते! हरभरा घाट्यावर आलेला, हुरड्याचा धूर, आणि आम्ही पोरं घोंगडीला हात लावायला गेलो की बादल नुसता ओठ वर करायचा.

अकरा वर्षांपूर्वी पौषात काका रिसोडला एका मयतीला गेले. थंडी कडाक्याची, म्हणून घोंगडी अंगावर घेऊनच एसटीत बसले. बादलला शेजारच्या शेतातले गुलाम नबी भाकरी घालणार होते. त्यांनी घातलीही. पण राखायला घोंगडी नव्हती. बादल फाट्यापर्यंत एसटीमागे धावताना लोकांना दिसला, तो शेवटचा. गुलाम नबी आणि काका आठ दिवस गावोगाव फिरले. ती घोंगडी काकांनी ट्रंकेत ठेवली. दर दिवाळीला काकू ती धुवायला मागत आणि दर दिवाळीला भांडण होई.

रविवारी वैजयंती कॉफीची गादी, भांडं आणि चेंडू घेऊन खाली आली.

"हे सारं ठेव," काका म्हणाले, "पण मले तुहं अंगावरचं कापड पाह्यजे."

ती वर गेली आणि घडी घातलेली, इस्त्रीची ओढणी घेऊन आली. दुसऱ्याच्या घरी वापरलेलं कसं द्यावं, हा तिचा सभ्यपणा. काकांनी ओढणी नाकाशी नेली आणि त्यांचा आवाज चढला.

"धुतलेलं कायले आणलं? याच्यात तू कुठी हायेस?"

पोरगी गोरीमोरी झाली. मग काकांनी तिला पायरीवर बसवून बादलची सगळी हकीकत सांगितली. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वैजयंतीने अंगातला स्वेटर काढून दिला. सोमवारी सकाळी ती काकूंची शाल पांघरून एसटीला गेली.

कॉफी फाटकाशी धावला. जाळीला नाक लावून इतका रडला की मला ऐकवेना. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी स्वेटर ओसरीत टाकला आणि लांब जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने कॉफी आला, हुंगून गोल फिरला आणि स्वेटरवर हनुवटी टेकून बसला.

काका समोर खुर्ची टाकून बसले ते दिवसभर. जेवणाचं ताटही त्यांनी तिथेच मागवलं. संध्याकाळी वैजयंती आली, कॉफीने तिला उडी मारून जवळजवळ पाडलं, आणि काका म्हणाले, "घे बाई, जसा देला तसा."

मग आत जाऊन त्यांनी ट्रंक उघडली. घोंगडीला अजून पांढरे केस चिकटलेले होते. ती त्यांनी काकूंच्या हातात दिली.

"धू आता."

काकूंनी घोंगडी घेतली. थोडा वेळ ती तोंडाशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग नीट घडी घालून त्यांनी ती परत ट्रंकेत ठेवली.

"दिवाळीले पाहू," त्या म्हणाल्या.