कानपिळीची क्लिप

अहमदपूर ते नायगाव या पट्ट्यात लग्न लागायचं तर मुलगा, मुलगी आणि मुहूर्त यांच्या जोडीला आमच्या साडूंची परवानगी लागत असे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं की सगळा मांडव अक्षता मुठीत धरून त्यांच्याकडे बघायचा आणि त्यांनी हात वर केल्याशिवाय एक दाणा पडायचा नाही. फोकस हुकला म्हणून एका नवरदेवाला त्यांनी मंगळसूत्र तीनदा बांधायला लावलं होतं. तो कुरकुरला तेव्हा म्हणाले, "सात जन्माचं काम हाय पाहुणे, तीनदा तर बांधा!" कच्चं शूटिंग मात्र त्यांनी कधी कोणाला दाखवलं नाही. आधी गुलाब फिरले पाहिजेत, बदामातून नवरी डोकावली पाहिजे, जांभया देणारे आणि रडणारे कापले गेले पाहिजेत. "कणीक मळताना पाहुण्याला चुलीपाशी बोलावतेत का गुरुजी?" असं ते मला विचारायचे. मी शाळामास्तर असल्यामुळे निदान माझ्याशी तरी त्यांना उदाहरणं देऊन बोलावं लागे.

अशा माणसानं कॅसेटचा जुना कॅमेरा देऊन टाकून कार्डावर चालणारा नवा हाय डेफिनिशन कॅमेरा घेतला. चित्र असं स्वच्छ की नवरीच्या मेंदीतली रेघ न् रेघ मोजावी. त्यावर पहिलं लग्न टिपलं ते नायगावच्या शीतलचं. आठ दिवसांनी ते कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या फायलींना ओळखच दाखवेना. दर वेळी तीच इंग्रजी पाटी समोर यायची: हा प्रकार मला चालत नाही. साडूंनी कॉम्प्युटर बंद-चालू केला, कार्ड धोतरानं पुसलं, उदबत्ती लावली. मग कंपनीला फोन केला आणि पलीकडच्या मुलीला साखरपुड्यापासून सगळं लग्न सांगितलं. ती म्हणाली, "सर, तुमच्या कॅमेऱ्याचं फॉरमॅट अजून आमच्या यादीत नाही. पुढच्या अपडेटमध्ये येईल." साडू म्हणाले, "ताई, यादीत न्हाई म्हणून आलेल्या पाहुण्याला कोणी उपाशी धाडतं का? आत तर घ्या, नाव मागून लिहा!" मुलगी हसली, पण आत काही घेतलं नाही.

एरवी अपडेट येईपर्यंत वाट बघता आली असती. पण शीतलचा एकुलता एक भाऊ बालाजी फौजेत. ऐन लग्नाला त्याची सुट्टी रद्द झाली होती. आता त्याला दोनच दिवसांची मिळाली होती. रविवारी दुपारी पोचायचं, सोमवारी पहाटे नांदेडहून परतीची गाडी. पुन्हा कधी येणं होईल ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या आईनं साडूंचा हात धरून सांगितलं होतं, "भाऊ, लेकराला बहिणीचं लगीन तेवढं दाखवा." त्या शब्दानं साडूंची झोप उडाली आणि माझीही उडाली, कारण ते दर तासाला मलाच फोन करत.

कोणीतरी फायली बदलून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर सुचवलं. शनिवारी सकाळपासून आम्ही दोघं त्या हिरव्या पट्टीकडे डोळे लावून बसलो. पट्टी अर्ध्यावर आली की लाइट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अखेर काही क्लिपा निघाल्या, त्याही निम्म्याच, आणि प्रत्येकीवर त्या सॉफ्टवेअरचा भला मोठा शिक्का, नेमका नवरीच्या कपाळावर. मंगलाष्टक "शुभमंगल" म्हणायचं आणि सावधान व्हायच्या आत संपायचं. माझा संयम सुटला. "साडूभाऊ, कॅमेऱ्याची वायर सरळ टीव्हीला लावा. फौजी माणसाला गुलाब नकोत!"

"न्हाई," ते म्हणाले. "कच्चं न्हाई दाखवायचं." पण हे नेहमीचं नाही नव्हतं. हातातलं कार्ड त्यांनी असं मुठीत दाबलं होतं, जणू मी ते हिसकावून घेणार होतो. "एका जागी माझ्याकडून लई मोठी चूक झाली गुरुजी. ती कापल्याबिगर कसं दाखवू?" काय चूक ते सांगेनात. मी लग्नाला नव्हतो, त्यामुळे साडूंबद्दल मनात येऊ नये ते येऊन गेलं.

रविवारी दुपारी आम्ही नायगावला पोचलो तेव्हा बालाजी बूटही न काढता टीव्हीपुढे बसला होता. आई शेजारी. साडूंनी काही तयार झालं नाही असं सांगायला तोंड उघडलं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. मुकाट्यानं पिशवीतून कॅमेरा काढला, वायर टीव्हीला जोडली आणि स्वतः दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

हळद गेली, अक्षता गेल्या, जांभयांसकट सगळं गेलं. मग कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. भटजींचा आवाज आला, "नवरीचा भाऊ?" चुलतभाऊ पंगतीत वाढायला गुंतलेले, कोणीच उठेना. कॅमेऱ्यानं शीतलला जवळ घेतलं. ती खाली बघत होती आणि डोळ्यांतलं पाणी हातातल्या लाह्यांवर पडत होतं. इथे चित्र एकदम कलंडलं. नुसता मांडवाचा खांब, चपला, कोणाचे तरी पाय. आणि साडूंचा आवाज, "हाय की! भाऊ हाय! सरका!" तिरक्या चित्रात कोपऱ्यातून एक धोतर आत आलं आणि कॅमेरा खुर्चीवर टाकून आलेल्या आमच्या साडूंनी नवरदेवाचा कान असा पिळला की तो बसल्या जागी वाकडा झाला.

मला माझ्या कालच्या संशयाची लाज वाटली. साडू दारातूनच म्हणाले, "माफ करा बालाजीराव. ऐन टायमाला मशीन सोडली. शॉट गेला."

बालाजीनं डोळे पुसले. "परत लावा की मामा," तो म्हणाला. ती तिरकी क्लिप त्यानं चारदा बघितली आणि मग म्हणाला, "मी असतो तर एवढ्या जोरात पिळला नसता."

पुढे अपडेट आलं. साडूंनी गुलाबा-बदामांसह शीतलचं लग्न रीतसर पूर्ण केलं. ती क्लिप मात्र कुठे कापली नाही, सरळही केली नाही. आता लग्नं मोबाइलवर निघतात आणि साडूंना कोणी फारसं बोलावत नाही. मांडवात कोणाचा हात वर जायची वाट न बघता अक्षता पडतात, तेव्हा मला उगाच चुकल्यासारखं होतं. साडू आईबापांना एकटेच, बहीण नाही. पण दर भाऊबीजेला ते एसटीनं धर्माबादला, शीतलच्या सासरी जातात. त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवतात.